आधी चाक जमिनीवर, मग इंजिन

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या परिसरात जुनी स्विफ्ट, पुंटो नाहीतर पोलो घेऊन ती मनासारखी करून घेणारी मुले आता गावोगाव दिसतात. यातली बरीच आयटीआय केलेली, रांजणगाव, सणसवाडी किंवा चाकणच्या कारखान्यांत पाळीला जाणारी. टॉर्क म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. तरीही पैसे कुठे घातले असे विचारले की उत्तर ठरलेले असते. आधी अलॉय व्हील, मग स्प्रिंग कापून खाली बसवलेली गाडी, मग मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि शेवटी इंजिनाच्या सॉफ्टवेअरचा रिमॅप. शॉकअप, बूश, टायर आणि ब्रेक यांची पाळी उरलेच पैसे तर. माझ्या मते हा क्रम उलटा आहे आणि आपल्या रस्त्यांवर तो धोक्याचाही आहे. कशाने गाडी सुधारते, कशाने बिघडते आणि त्यात इथल्या रस्त्यांचा, इंधनाचा, कायद्याचा वाटा किती, हे एकदा नीट मांडून पाहायला हवे.

या तालुक्याचे छोट्या गाडीशी नाते नुसते गिऱ्हाइकाचे नाही. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात टाटांच्या भागीदारीत २००९ साली लिनिया आणि ग्रँड पुंटो बनू लागल्या. तिथेच तयार होत होते १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन. १२४८ सीसीचे हे इंजिन युरोपात २००३ साली आले आणि २००५ मध्ये त्याला १ ते १.४ लिटरच्या गटात वर्षातले उत्कृष्ट इंजिन म्हणून आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मारुतीने परवान्याखाली तेच इंजिन मानेसरला बनवून २००७ पासून स्विफ्टमध्ये बसवले. टाटांनी इंडिका व्हिस्टामध्ये ते क्वाड्राजेट या नावाने दिले. डिझेल स्विफ्टची मागणी भागेना, तेव्हा मारुतीने २०१२ मध्ये फियाटशी करार करून जादा इंजिने मागवली. २०२० मध्ये बीएस-६ आले आणि छोट्या गाड्यांतून हे इंजिन गेले. पण जुन्या बाजारात ते अजून भरपूर आहे आणि आपल्याकडच्या ट्यूनिंगची निम्मी चर्चा त्याच्याभोवतीच फिरते.

याच रांजणगावातून २०१५ साली अबार्थ पुंटो निघाली. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती. ही गाडी हौशी माणसाने बारकाईने पाहावी अशी आहे. कंपनीने नुसती ताकद वाढवून गाडी सोडली नाही. उंची कमी केली ती सस्पेन्शनची मांडणी सोबत बदलून, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. ताकद वाढली तेव्हा थांबण्याची आणि वळण्याची सोयही त्याच हिशेबात वाढली. गल्लीतल्या कामात नेमके हेच राहून जाते.

आता रस्ता पाहू. घोड नदीच्या दोन्ही अंगांना बराच पट्टा काळ्या मातीचा आणि उसाचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वर डांबर कितीही चांगले टाकले तरी दोन-तीन वर्षांत रस्त्याला लांब लाटा येतात. त्यावरून गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जातात आणि चाकोऱ्या पडतात. डांबराची कड शेजारच्या मुरमापेक्षा वीतभर उंच राहते. शाळा, दूध डेअरी आणि देवळापुढचे गतिरोधक वेगळेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास तो सुखाने ओलांडता येतो. गावकऱ्यांनी रात्रीत घातलेला गतिरोधक मीटरभर रुंद आणि त्याहून उंच असतो. त्यावर पांढरा पट्टाही नसतो.

लांब लाट गाडीला काय करते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. स्प्रिंगवर बसलेल्या गाडीची वरखाली डोलण्याची एक स्वतःची लय असते आणि घरगुती गाडीत ती सेकंदाला सव्वा ते दीड वेळा असते. समजा, पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे. ही लय येते सेकंदाला १.३. आता ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. रस्त्यावरच्या लाटा आठ मीटर अंतरावर असतील तर गाडीला सेकंदाला १.४ धक्के बसतात. दोन्ही लयी जवळजवळ जुळल्या. अशा वेळी शॉकअपमध्ये दम नसेल तर प्रत्येक लाटेला डोलणे वाढत जाते, चाकावरचा दाब कमी-जास्त होतो आणि नेमक्या त्याच क्षणी समोरून कोणी आडवे आले तर ब्रेक दाबूनही टायर पकडत नाही. 'गाडी हवेत गेल्यासारखी वाटते' असे आपण म्हणतो, ते याच अवस्थेचे वर्णन.

म्हणून सस्पेन्शनच्या कामाची सुरुवात शॉकअपपासून व्हावी. स्प्रिंग गाडीचे वजन उचलतो आणि धक्का साठवतो. साठवलेला धक्का जिरवण्याचे काम शॉकअपचे. आतले तेल बारीक झडपांतून ढकलले जाते आणि त्यात ती ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. दबताना तो थोडा विरोध करतो, उघडताना बराच जास्त, साधारण दुप्पट ते तिप्पट. उघडण्याच्या विरोधाला रिबाउंड म्हणतात आणि लाटांच्या रस्त्यावर सगळा खेळ त्याचाच. रिबाउंड कमी असेल तर गाडी डोलत राहते. गरजेपेक्षा जास्त असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पूर्ण खाली यायच्या आतच पुढचा खड्डा येतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर आदळते. ही दोन टोके ओळखता आली तर महागडा समायोज्य शॉकअप घेतल्याचा उपयोग. नाहीतर बहुतेक मालक त्याचे बटण सर्वांत कडक बाजूला फिरवून ठेवतात आणि गाडी 'टाइट' झाली म्हणून समाधान मानतात.

लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत तर मूळ जातीचेच नवे शॉकअप, त्यांच्या वरचे माउंट, लोअर आर्मचे बूश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड बदलले की जो फरक पडतो, तो बऱ्याचदा मॉडिफिकेशनपेक्षाही मोठा असतो. मालकाला मात्र तो मिरवता येत नाही, म्हणून त्याला पैसे द्यायला हात मागे जातो. माझा आग्रह असा की आधी गाडी तिच्या मूळ अवस्थेला आणावी. झिजलेल्या गाडीवर केलेले ट्यूनिंग मोजताच येत नाही, कारण कशाने काय झाले हे कळत नाही.

यानंतर स्प्रिंग. कापलेल्या स्प्रिंगची स्विफ्ट लिफ्टवर चढवून खालून पाहिली की सगळी गोष्ट समोर येते. बंप स्टॉपचा रबर चेपून फाटलेला. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओशट थर आणि त्यावर लाल-काळी धूळ चिकटलेली. पुढच्या टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत घासलेली, बाहेरची कड मात्र नवीच्या नवी. चाक मोकळे लोंबकळते तेव्हा स्प्रिंग आपल्या वाटीत सैल, हाताने फिरवला तर फिरतो. स्प्रिंगच्या कापलेल्या टोकाने वाटीचा पत्रा खरवडून तिथे गंज धरलेला.

यामागचे गणित सोपे आहे. स्प्रिंगचा ताठपणा त्याच्या कामाच्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहापैकी एक वेढा कापला की स्प्रिंग २० टक्के ताठ झाला, गाडी खाली आली आणि दबायला असलेली जागाही कमी झाली. ताठपणा वाढला २० टक्क्यांनी, पण दबायची जागा निम्मी झाली, तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात गाडी रबरावर आदळणारच. कंपनीचा लोअरिंग स्प्रिंग वेगळा असतो. त्याचा ताठपणा आणि मोकळी लांबी ठरवूनच बनवलेली असते. गॅस कटरने कापलेल्या स्प्रिंगात पोलादाचा कस त्या टोकाला उतरतो आणि तो तिथे तुटू शकतो. गॅरेजमध्ये कोणी कटर काढला तर गाडी तिथून परत आणावी.

इथल्या वापरात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे भार. हीच गाडी सोमवारी एकटा माणूस कंपनीत नेते आणि रविवारी पाच माणसे, दोन पोती आणि लग्नाचा आहेर घेऊन जाते. मागच्या एका चाकावर ११० किलो जास्त आले आणि तिथला ताठपणा मिलिमीटरला १८ न्यूटन असला, तर मागची बाजू ६० मिलिमीटर खाली बसते. जुन्या स्विफ्टची जमिनीपासूनची उंची कंपनीने १७० मिलिमीटर सांगितलेली. त्यातून भाराचे ६० आणि कापण्याचे ४० वजा केले तर मागे ७० उरले. १० सेंटिमीटरच्या मानक गतिरोधकालाही ही गाडी पोट घासणार, गावठी गतिरोधकाचे तर बोलायलाच नको. सीएनजीची टाकी डिकीत असेल तर पन्नास-साठ किलो कायमचेच वाढलेले. त्यावर उपाय म्हणून मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर ठोकतात. त्याने बसलेली गाडी उचलली जाते हे खरे, पण अडकवलेले वेढे काम करत नाहीत म्हणून मागची बाजू एकदम ताठ होते आणि रिकाम्या गाडीत माणसे उडतात. सीएनजीसाठी थोडे ताठ मागचे स्प्रिंग आणि त्यांना साजेसे शॉकअप घेणे हाच सरळ मार्ग.

खाली बसवलेली गाडी वळणावर कमी कलते, हा समज सगळ्यांत पक्का आहे आणि छोट्या गाडीच्या बाबतीत तो बऱ्याचदा खोटा ठरतो. या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. मूळ उंचीला लोअर आर्म जवळजवळ आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली असतो. गाडी खाली आणली की त्याचे बाहेरचे टोक वर जाते. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. तो बिंदू आता गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. दोन्हींतले अंतर वाढले म्हणजे कलवणारा जोर वाढला. वर वळणात बाहेरच्या चाकाचा कँबर बिघडतो आणि टाय रॉडचा कोन बदलल्याने खड्ड्यात चाक दबले की स्टिअरिंग न फिरवताही गाडी थोडी वळते. ४० मिलिमीटर खाली आणून अलाइनमेंट न केलेली गाडी अहिल्यानगर रस्त्यावर ताशी ९० ने चालवणे हे अंधारात हात चाचपडत चालण्यासारखे आहे. माझे मत विचाराल तर या भागासाठी मूळ उंचीच बरी. हौसच असेल तर १५ ते २० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये आणि त्याच दिवशी टो-कँबर तपासून त्याचा छापील कागद मागावा.

इथे आपण आदर्श चुकीचा निवडतो असे मला वाटते. चित्रफितींत दिसणाऱ्या जमिनीला टेकलेल्या गाड्या गुळगुळीत शर्यत-पट्ट्यासाठी असतात. फोक्सवॅगनने २०१० पासून भारतात पोलो कपच्या शर्यती भरवल्या, त्या चेन्नई-कोइमतूरसारख्या ठिकाणच्या पट्ट्यांवर. आपल्या रस्त्याचे नाते रॅलीशी आहे. एस्टीम आणि जिप्सी वर्षानुवर्षे भारतीय रॅलीत पळाल्या. महाराष्ट्रात नाशिकची रॅली प्रसिद्ध होती. कच्च्या रस्त्याच्या रॅलीतली गाडी खाली बसवत नाहीत, उंच ठेवतात. चाकाला वरखाली व्हायला भरपूर जागा देतात, स्प्रिंग फार ताठ ठेवत नाहीत आणि पैसा शॉकअपमध्ये ओततात. कवठ्याहून मलठणला किंवा मंचरला जाणाऱ्या माणसाने शिकायचे ते हेच.

टायरबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचे. जुन्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर-१४ टायर येतो. त्याची भिंत १३२ मिलिमीटर उंच. त्याजागी १९५/५५ आर-१६ घातला तर बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास तसाच राहतो, स्पीडोमीटर चुकत नाही, म्हणून मालक निर्धास्त असतो. भिंत मात्र १०७ मिलिमीटर उरते. ती पंचवीस मिलिमीटर गेलेली भिंत म्हणजे खड्ड्यात रिम वाचवणारी गादी होती. डांबराच्या कडेवरून मुरमावर उतरताना अलॉय चिरते ते याच कारणाने. १८५/६५ आर-१५ हा मधला पर्याय कंपनीनेच वरच्या मॉडेलला दिलेला आहे आणि इथे तोच योग्य. हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी. दाराच्या चौकटीवर भारासाठी वेगळा आकडा लिहिलेला असतो, पाच माणसे असतील तेव्हा तो पाहावा.

इंजिनाकडे आता यायला हरकत नाही. डिझेल टर्बो आणि साधे पेट्रोल यांचा हिशेब पूर्ण वेगळा. साध्या पेट्रोल इंजिनात रिमॅपने हाताला फारसे लागत नाही. हवा जेवढी सिलिंडरात शिरते तेवढीच ताकद, आणि सॉफ्टवेअर हवा वाढवू शकत नाही. शिवाय आपण पठारावर, सहाशे मीटरच्या आसपास राहतो. समुद्रकाठच्या तुलनेत अशा इंजिनाची सहा टक्के ताकद इथे आधीच गेलेली असते. उघड्या जाळीचा फिल्टर बॉनेटखाली बसवला तर तो इंजिनजवळची तापलेली हवा ओढतो. हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता सुमारे एक टक्क्याने घटते. आवाज वाढतो, ताकद उलट कमी होते, आणि उन्हाळ्यातली बारीक धूळ आत जाऊन पिस्टन रिंग घासते. या भागात मूळ कागदी फिल्टर वेळेवर बदलणे हेच शहाणपण.

१.३ मल्टिजेटसारख्या डिझेलमध्ये मात्र रिमॅपने खरोखर ताकद मिळते. मूळ ७५ अश्वशक्तीच्या अवतारात २००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर टॉर्क असतो. म्हणजे त्या फेऱ्यांना सुमारे ५४ अश्वशक्ती. टॉर्क २४० केला तर त्याच फेऱ्यांना ६८ होतात. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर ओलांडताना हा फरक स्पष्ट जाणवतो आणि उलट्या बाजूला घालवलेला वेळ कमी होतो, हा फायदा मी कमी लेखत नाही. पण तो येतो कुठून ते पाहावे. डिझेल जास्त, टर्बोचा दाब जास्त. डिझेलच्या मानाने हवा कमी पडली की काळा धूर निघतो, आणि तो धूर म्हणजे न जळलेले डिझेल आणि तापलेला टर्बो. मागे काळा ढग सोडणारी गाडी जोरात ट्यून केलेली नसते, वाईट ट्यून केलेली असते. १८०० फेऱ्यांच्या खाली या इंजिनात टर्बो जागा होत नाही, तिथे रिमॅपने फारसे बदलत नाही. मग दाब एकदम चढतो आणि पहिला बळी क्लच प्लेटचा जातो. म्हणून या इंजिनावर पैसे घालण्याआधी टाइमिंग चेनचा आवाज, ईजीआरमधली काजळी, इंजेक्टरची गळती आणि टर्बोच्या पाइपांचे क्लॅम्प तपासून घ्यावेत. ऑइल बदलायचे अंतर कमी करावे. आणि रिमॅप करणाऱ्याकडून मूळ फाइल स्वतःच्या ताब्यात घ्यावी.

इंधनाचा प्रश्न या भागाच्या अंगाला लागून आहे, कारण उसाच्या मळीपासून आणि रसापासून बनलेले इथेनॉल याच पट्ट्यातल्या गाड्यांच्या टाकीत परत येते. पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५. इंजेक्शनच्या गाडीत लॅम्डा सेन्सर सामान्य चालीत हे जुळवून घेतो. पाय पूर्ण दाबला की मात्र बऱ्याच जुन्या गाड्या सेन्सरचे ऐकत नाहीत, ठरलेल्या नकाशाने इंधन सोडतात, आणि ते कमी पडते. ट्यून केलेल्या पेट्रोल गाडीत हे पहिले तपासायला हवे. कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला तर जेट मोठा करावा लागतो आणि रबरी नळ्याही बदलाव्या लागतात. दुसरी बाजू अशी की या मिश्रणाचा ऑक्टेन जास्त असतो, ठोके उशिरा येतात, त्यामुळे जाणकार ट्यूनर इग्निशन थोडे पुढे घेऊन गेलेल्या ताकदीतले काही परत मिळवू शकतो. अ‍ॅव्हरेज मात्र थोडे घटणारच.

हे सगळे मोजून करायचे काम आहे. या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीच्या घाटात सेकंदाच्या हिश्शावर निकाल लागतो आणि त्या घड्याळावर गावाचा विश्वास असतो. तोच माणूस गाडीच्या बाबतीत 'पिकअप वाढला' एवढ्यावर कसे समाधान मानतो? हजार-दोन हजारांचा ओबीडी स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावर टर्बोचा दाब, आत जाणाऱ्या हवेचे तापमान, इंधनाची दुरुस्ती हे सगळे दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, त्याच रस्त्यावर, त्याच भाराने, त्याच टायर-दाबाने फिरून वहीत लिहावे. शॉकअप आणि टायर एकाच दिवशी बदलले तर कशाने फरक पडला हे कायमचे कळायचे राहते.

कायद्याची बाजू कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी-प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात तोच अर्थ पक्का केला. इंजिन बदलायचे, सीएनजी बसवायची, तर आरटीओची परवानगी आणि मान्यताप्राप्त किट लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुराचे मानक मोडले तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला कारण ठरू शकतो. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून एआरएआय ही वाहन-चाचणीची मोठी संस्था उभी आहे, जिल्ह्यात गाड्यांचे कारखाने आहेत, हात तयार असलेली मुले आहेत. अशा ठिकाणी सुरक्षित, मोजलेल्या, नोंदवलेल्या छोट्या बदलांना मान्यता देण्याची परवडणारी सोय सरकारने करायला हवी. आज ती नसल्यामुळे शॉकअप नीट निवडणारा आणि सायलेन्सर फोडणारा दोघेही एकाच रांगेत उभे राहतात.

ती सोय होईपर्यंत मालकांना एवढेच सांगणे. या दिवाळीच्या बोनसमधून गाडीवर खर्च करणार असाल तर पहिले पैसे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, चार चांगले टायर आणि चार नवे शॉकअप यांना द्या. अलाइनमेंटचा कागद गाडीत ठेवा. उरले तरच रिमॅपचा विचार करा, आणि विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय तो करू नका.